सहा नावांचं पार्सल

अक्काचं पोस्टकार्ड आलं आहे. थंडी पडली, वांगी आली, बामणोदची नाहीत पण बरी आहेत, रविवारी ये. खाली सही नाही, आशीर्वाद नाहीत. "ये" लिहून झालं की तिचं कार्ड संपतं.

म्हणजे रविवारी धुळ्याला जाणं आलं. तिच्या अंगणात पऱ्हाटीचा जाळ पेटलेला असेल. कपाशी वेचून झाली की शेतात जी वाळकी झाडं उभी राहतात ती पऱ्हाटी. तिचा जाळ भसकन उठतो, वांग्याची साल काळी करतो आणि तुम्ही कौतुक करायच्या आत विझतो. मग ते वांगं सोलायचं, हिरवी मिरची आणि लसूण घालून काठवटीत ठेचायचं, वर कांद्याची पात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. खानदेशातल्या माणसाला हिवाळा म्हणजे काय हे कॅलेंडर सांगत नाही, हा धूर सांगतो.

मला मात्र या धुरातून दरवर्षी दुसराच एक वास येतो. फिनेलचा, उकळलेल्या सुयांचा, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींचा. सात-आठ वर्षं झाली त्या हिवाळ्याला. लढाई नुकतीच थांबली होती. काचांना लावलेले काळे कागद काढायचा लोकांना कंटाळा आला होता, आणि दुष्काळ अजून यायचा होता. जळगावच्या जिनांबाहेर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांबाहेर, कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागायच्या, आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकून झाडं म्हातारी दिसायची.

मी कापसाचा दलाल. भाव करणं हा माझा धंदा आणि, बायको म्हणते, माझा आजार. सोनगीर आमचं गाव, पण तिथे आमचं स्वतःचं काही नव्हतं. किल्ला होता, तो सरकारचा. आई लवकर गेली. अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिनेच मला वाढवलं. ती धुळ्याच्या एका जिनात कापूस निवडायला जायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या भुवयांवर, पापण्यांवर पांढरी लव असायची, आणि मी तिच्या मांडीवर बसून ती एक एक करून काढायचो. पुढे मी मोठा झालो, जळगावला आलो, कुणाच्या हाताखाली न राहता चार पैसे मिळवायला लागलो. पण कापसाची गाठ फोडून बोटात धागा ओढून बघताना मला कायम तिच्या पापण्या आठवायच्या. हे मी बाजारात कधी कुणाला सांगितलं नाही. बाजारात असलं सांगितलं की भाव पडतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर अक्का क्षयाच्या दवाखान्यात दाखल झाली. आजार जुना होता. दोन वर्षं सुया टोचून झाल्या होत्या, गोळ्या खाऊन झाल्या होत्या. मी डॉक्टरांना विचारलं, "जिनातला कापूस छातीत गेला म्हणून का हे?" ते म्हणाले, "नाही, हे जंतू आहेत." मला ते पटलं नाही. माझा राग ठेवायला मला जिन बरं पडत होतं, जंतूवर माणूस किती रागावणार?

डॉक्टर म्हणाले, "जुनी औषधं आता यांना लागू पडत नाहीत. नवीन कॅप्सूल निघाली आहे. रोज सकाळी अनशापोटी, जोडीला दुसऱ्या गोळ्या. खंड पडता कामा नये." चिठ्ठी दिली आणि किंमत ऐकून घ्या असं म्हणून त्यांनी मान खाली घातली.

चिठ्ठी घेऊन मी जळगावातल्या औषधांच्या मोठ्या दुकानात गेलो. दुकानाचे शेठ गल्ल्यावर होते. मारवाडातून आलेलं घराणं, तीन पिढ्या इथल्या, माणूस शांत. त्यांनी डबी पुढे ठेवली आणि किंमत सांगितली. सोन्याची तार विकत घेतल्यासारखी किंमत. मी नेहमीच्या सवयीने डबी उलटीपालटी केली, परत सरकवली आणि म्हणालो, "ठीक सांगा शेठ. एका दिवसाचं गिऱ्हाईक नाही मी. महिनेच्या महिने लागणार आहे."

"भाऊ, औषधात भाव होत नसतो."

"असं कसं? पृथ्वीवर अशी वस्तू नाही."

"आहे की. ही." त्यांनी डबीवरचा छापील आकडा दाखवला. "घ्यायची तर घ्या."

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. दुकानात एक बाई ताप आलेलं पोर घेऊन उभी होती, ती बाहेर निघून गेली. शेठ हसलेही नाहीत आणि चिडलेही नाहीत. मी महिनाभराच्या कॅप्सूल विकत घेतल्या आणि बाहेर आलो तो कान तापलेले. आजवर मला लोकांनी फसवलं आहे, बुडवलं आहे, पण "घ्यायची तर घ्या" असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. तो सल मी आजही बाळगून आहे. त्या दुकानासमोरून जाताना अजून मान दुसरीकडे वळते. आता वाटतं, सल बाळगण्यात एक सोय असते. एकाच दिशेला बघत राहिलं की बाकीचं दिसत नाही.

एसटीत बसल्यावर, एरंडोलच्या आसपास, मी डबी पुन्हा काढली. कुठलाही माल हातात आला की तो कुठून आला हे मी आधी बघतो. बारीक अक्षरात लिहिलं होतं: इटली. मला इंग्रजी वाचता येतं ते एवढंच, मालावरच्या खुणांपुरतं. गाडी पारोळ्याला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता. माल इटलीचा. मुंबईत उतरतो. मग मुंबईचा मोठा व्यापारी, मग जळगावचा मोठा, मग गल्ला. प्रत्येक जण त्यात आपला हात बुडवून घेतो. तर मग इटलीलाच का विचारू नये?

मुंबईत कापसाच्या निर्यातीत काम करणारा एक ओळखीचा क्लिअरिंग एजंट होता. त्याने सांगितलं, दुकानासाठी आणायचं तर लायसन्स हवं, ते तुला कोणी देणार नाही. पण रोग्याच्या स्वतःच्या वापरासाठी, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, त्या रोग्याच्या नावाने परवाना मिळतो. एक रोगी, एक अर्ज, एक डबा. ज्याचं नाव त्याचंच औषध. एवढं कळल्यावर मी अक्काच्या डॉक्टरांकडे गेलो. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आणणारच असाल तर सहा जणांचं आणा. ही कॅप्सूल हवी असे आणखी पाच जण आहेत माझ्याकडे. त्यांना दुकानातली झेपत नाही."

मी लगेच हो म्हटलं. लोकांनी पुढे यावरून मला पुण्यवान ठरवलं, आणि काहींनी "बापूने यातही दलाली खाल्ली" असंही म्हटलं. दोन्ही खोटं. सहा जण म्हणजे माल सहापट, आणि माल जास्त तर भाव कमी. माझ्या डोक्यात त्या वेळी एवढंच होतं.

पत्रं लिहायला जोशी गुरुजी होते. हायस्कुलातून निवृत्त झालेले, इंग्रजी जुन्या वळणाचं, स्वतःच्याच वाक्यावर खूश होणारे. आमच्या ओट्यावर दुपारच्या उन्हात पाट मांडून बसायचे आणि "महोदय" लिहिण्याआधी पेन तीनदा झटकायचे. बायको त्यांना मेहरूणची बोरं द्यायची. बिया ते रांगेने पाटाच्या कडेला मांडून ठेवायचे. इटलीतल्या एका औषध निर्यात करणाऱ्या पेढीला पहिलं पत्र गेलं तेव्हा अकरा बिया झाल्या होत्या.

दर रविवारी मी धुळ्याला जायचो. बायकांच्या वॉर्डाला पूर्वेकडे लांब व्हरांडा होता, तिथे सकाळचं ऊन घ्यायला सगळ्या खाटा बाहेर आणायच्या. अक्का मला लांबून बघायची आणि आधी पदराचं टोक हवेत धरायची. पदर जिकडे उडेल तिकडे वारा. मग हाताने दाखवायची, "आठे बस बापू. वारा तिकडून येस." मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, ती खालच्या अंगाला, म्हणजे तिचा श्वास माझ्याकडे येऊ नये. वारा फिरला तर बोलता बोलता उठायला लावायची. एका भेटीत आम्ही कधी कधी चार वेळा जागा बदलायचो. लहानपणी अंगाला अंग लावून झोपवणारी बाई मला वाऱ्याने मोजून लांब ठेवत होती, आणि मी त्याबद्दल काही बोललो असतो तर तिने भेटणंच बंद केलं असतं.

शेजारच्या खाटेवर शेवंताबाई होती. पाचोऱ्याची. वय तिशीचं, अंगात काही उरलेलं नाही, पण आवाज असा की तिसऱ्या वॉर्डात ऐकू जावा. पाचोरा जंक्शनच्या फलाटावर ती केळी विकायची. नवरा लक्ष्मण तिथेच हमाल. तीन मुलं. सहा नावांत तिचं नाव होतं. मी दिसलो की तिची सुरुवात ठरलेली, "काय दलाल भाऊ, व्हयना का आमना भाव?"

"होतोय, होतोय."

"तुमी कापूस इतका घासता का?"

"याहून जास्त."

"मग शेतकरी तुमले मारत कसा नही?"

सगळ्या व्हरांड्यात हसू पसरायचं, आणि हसण्यामागे खोकला. तिथे हसणं महाग होतं, तरी त्या बायका हसायच्या.

डिसेंबर संपता संपता इटलीचं उत्तर आलं. पातळ निळसर कागद, एका बाजूची अक्षरं दुसऱ्या बाजूला उमटलेली. गुरुजींनी वाचलं. मी दोनदा वाचायला लावलं. दुकानातल्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याहून कमी. विमानाचं भाडं धरूनही कमी. आम्ही होकार कळवला, बँकेत पैसे भरले की आठवड्याभरात माल निघेल, असं स्वच्छ लिहिलं होतं.

गुरुजी म्हणाले, "बापू, हो म्हणून टाक."

आणि मी हो म्हटलं नाही.

हे मी इथे सरळ लिहितो, कारण आजवर वळणं घेऊनच सांगत आलो आहे. मला त्या भावाचा आनंद झाला, आणि आनंदाच्या मागोमाग संशय आला. आमच्या बाजारात पहिला भाव म्हणजे विकणाऱ्याने केलेला रामराम असतो. त्याला उलट रामराम करायचा असतो, कुणी त्यावर सौदा करत नाही. पहिल्या भावाला माल उचलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सगळा बाजार हसतो. इतका कमी सांगतो आहे म्हणजे अजून उतरेल, हे मला माझं रक्त सांगत होतं. आणि त्या रक्तात "घ्यायची तर घ्या" अजून उकळत होतं. दुकानाच्या शेठला नाही झुकवता आलं, इटलीला झुकवीन.

"त्याला लिहा," मी म्हणालो, "सहा रोगी आहेत, पुढे साठ होतील. शेकडा पंधरा कमी करा."

"अरे, पत्र जाणार, येणार. महिना जाईल."

"लिहा म्हणतो ना! तुम्हाला शाळेत कधी भाव करावा लागला नाही म्हणून बोलता."

गुरुजींनी पेन झटकलं आणि लिहिलं. त्या दिवशी त्यांनी बोरं खाल्ली नाहीत.

मला महिना थांबायला धीर होता, याचं कारण आज मला स्पष्ट दिसतं. अक्काची डबी भरलेली होती. दुकानातूनच, छापील किमतीला, दात-ओठ खात मी तिचं औषध आणत होतो. थांबणार होते ते बाकीचे पाच. दुसऱ्याच्या वेळेवर भाव करणं सोपं असतं. बाजारात हे मी रोज करतो; पावसाचं सावट असलेला शेतकरी गाडी परत नेऊ शकत नाही हे मला माहीत असतं आणि मी शांत उभा राहतो. पण तिथे भिजतो तो कापूस.

पुढच्या रविवारी मी व्हरांड्यात मोठ्या तोऱ्यात सांगितलं की इटलीचा भाव आला, मी तो मोडला, अजून खाली आणतो. बायका कौतुकाने बघत राहिल्या. शेवंताबाई भिंतीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "भाऊ, मी फलाटावर केळी विकस. गाडी उभी शे तोवर मी बी भाव करस, माय मरो, असा करस का पासिंजर रडस. पण शिट्टी झाली का नही. मग जे मिळी ते लेस न् केळी खिडकीत टाकी देस."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. म्हणालो, "तुमची गाडी कुठे सुटते आहे?"

"मन्ही नही वं," ती अक्काकडे बघून म्हणाली, "यास्नी सुटी जाई." म्हणजे माझी. पुन्हा हसू.

संक्रांतीनंतरचा रविवार. मी तिळगूळ घेऊन गेलो होतो. थंडी अशी होती की केळीच्या बागांना रात्रीतून काळे चट्टे पडले होते. ऊन मात्र मधासारखं. शेवंताबाईला त्या दिवशी बोलवत नव्हतं. तिची मुलं आदल्या दिवशी लांबून, फाटकापाशी उभी राहून, हात हलवून गेली होती. ती पांढऱ्या फडक्याने डोळे पुसत होती. फडकं तिने मांडीवर ठेवलं आणि मी पाहिलं, त्यावर नारिंगी डाग होते. केशर कालवल्यासारखे.

ते डाग मला ओळखीचे होते. त्या कॅप्सूलचा रंगच तसा आहे. ती घेणाऱ्याची लघवी लाल होते, घाम पिवळा, अश्रू नारिंगी. अक्काने पहिल्या दिवशी रक्त समजून दोन दिवस कुणाला सांगितलं नव्हतं, आणि डॉक्टरांनी समजावल्यावर लाजली होती. हे डाग फक्त ती कॅप्सूल घेणाऱ्याला पडतात. आणि त्या वॉर्डात कॅप्सूल घेणारी एकच बाई होती.

मी अक्काकडे पाहिलं. तिने पदराचं टोक हवेत धरलं, जणू वाराच बघायचा होता.

"अक्का. तिला देतेस तू?"

"हळू बोल."

"देतेस का?"

"माले एक दिवस, तिले एक दिवस," ती म्हणाली. "तिले तीन पोरं शेतस बापू. बठ्ठी डबी एकलीच खाऊ का मी? तुन्हं इटलीनं येई तवर."

मी ओरडलो. वाऱ्याची बाजू सोडून, तिच्या खाटेजवळ जाऊन ओरडलो. मी काय कष्टाने आणतो, तो शेठ मला काय बोलला, तुला अक्कल आहे का, सगळं. शेवंताबाई तोंडावर फडकं धरून बसून होती. आवाज ऐकून डॉक्टर आले. त्यांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत, ते नुसते खाली बसले. म्हणाले, "अक्का, हे भाकरीसारखं वाटून खायचं औषध नाही. अर्धं अर्धं घेतलं तर दोघींचे जंतू याला सरावतील. मग पूर्ण दिलं तरी उपयोग नाही. पुरी एकीला मिळू दे, नाहीतर कोणालाच नको."

दुसऱ्या दिवसापासून परिचारिका अक्कासमोर उभी राहून कॅप्सूल गिळायला लावू लागली. तोंड उघडून दाखवायचं, जीभ उचलून दाखवायची. डॉक्टरांचं बरोबर होतं. अक्काचं चूक होतं. मी दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा या दोन्ही गोष्टींची मला पक्की खात्री होती, आणि तरी बसस्टँडपर्यंत चालताना माझे पाय असे पडत होते की जसं कुणाचं तरी काही हिसकावून निघालो आहे. मी ठरवलं असतं तर त्याच दिवशी दुकानातून दुसरी डबी घेता आली असती. एका महिन्याची, शेवंताबाईसाठी. ते मला परवडलं असतं. विचारही आला. पण इटलीचं उत्तर आता येईलच, मग छापील किमतीला त्या शेठच्या पुढ्यात पुन्हा कशाला उभं राहायचं, असा दुसरा विचार त्याच्यावर बसला.

त्यानंतरचे दोन रविवार अक्का माझ्याशी बोलली नाही. वारा कुठला आहे ते हाताने दाखवायची, एवढंच.

उत्तर आलं. त्यांच्या पहिल्या पत्रापासून मोजून अठ्ठावीस दिवसांनी. शेकडा आठ कमी केले होते. मी जिंकलो होतो. मी पेढे वाटले. जळगावच्या बाजारात वाटले, गुरुजींना दिले, धुळ्याला वॉर्डात नेले. शेवंताबाईने पेढा हातात घेतला, नाकाशी नेला आणि उशाला ठेवला. "किती उतारा?" तिने विचारलं. आवाज आता खाटेपलीकडे जात नव्हता.

"शेकडा आठ."

"बरा शे," ती म्हणाली. जाणकाराने जाणकाराला द्यावी तशी मान तिने हलवली.

पुढे मुंबईत कागद, शिक्के, सह्या. होळीच्या थोडं आधी पार्सल हातात आलं. मी स्वतः मुंबईहून मांडीवर ठेवून आणलं. आत सहा डबे, प्रत्येकावर टाइप केलेलं एकेक नाव. शेवंताबाई नऊ दिवस आधी गेली होती.

नऊ आणि अठ्ठावीस. हे आकडे मी कुणाला शेजारी शेजारी मांडून दाखवले नाहीत. डॉक्टरांना एकदा विचारलं, महिनाभर आधी आलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. फुप्फुसं फार गेली होती." त्यांना मला दिलासा द्यायचा होता. पण "सांगता येत नाही" याच्या दोन बाजू असतात, आणि मी भाव करणारा माणूस, मला दोन्ही बाजू दिसतात.

अक्का जगली. तिचं वजन चढलं, आवाज भरला, पुढच्या दिवाळीला तिने मला ओवाळलं तेव्हा वारा बघितला नाही. आता तीच कॅप्सूल आपल्याकडे सहज मिळते. बाकी चौघांपैकी तिघं घरी गेले. पहिल्या दिवशी नव्या डब्यातली कॅप्सूल घेतल्यावर अक्काने उशीत तोंड खुपसलं असावं. ती माझ्यासमोर आयुष्यात कधी रडलेली नाही. मी गेल्यावर ती पालथी वळली असेल. पुढच्या रविवारी अभ्र्यावर मला नारिंगी वर्तुळं दिसली. मी ती बघितली हे तिला कळलं, आणि तिने अभ्रा उलटा केला. त्याबद्दल आम्ही आजवर एक शब्द बोललेलो नाही. ती मला दर हिवाळ्यात भरीत खायला बोलावते. मी जातो.

राहिला सहावा डबा. कागदावर तो शेवंताबाईचा होता, दुसऱ्या कुणाला देता येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, तिच्या माणसाने दवाखान्याला लिहून दिलं तर बघता येईल. एक तरुण मास्तर वाट बघतो आहे. मी पाचोऱ्याला निरोप पाठवला. आठवड्याने लक्ष्मण जळगावला आला, थेट बाजारात, माझ्या बैठकीवर. हमालाचा बिल्ला दंडावर तसाच. मी डबा पुढे ठेवला, शेजारी डॉक्टरांनी लिहून दिलेला संमतीचा कागद.

"कोठे शे तिनं नाव?" त्याने विचारलं.

मी बोट ठेवून दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने अंगठा त्या अक्षरांवरून हळूहळू फिरवला.

"हाई तिकडेच लिखं? इटलीमा?"

"हो. मशीनवर."

"तिकडना माणूसनी तिनं नाव लिखं," तो म्हणाला.

बाजार भरात होता. माझ्यासमोर कापसाचा ढीग, भोवती माणसं. मला त्या माणसाला पैसे द्यायचे होते. त्याने आपल्या वाट्याचे भरले होते ते तर होतेच, पण वरही द्यायचे होते, तो मागेल तेवढे. चारचौघांत बोलणं मला जमेना. मी जुन्या बाजाराच्या सवयीने खांद्यावरचं उपरणं त्याच्या हातावर टाकलं आणि खालून हात घातला. बैलबाजारात अजून हेच चालतं, कापसातही पूर्वी चालायचं: कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा, बघणाऱ्याला काही कळत नाही. मी बोटं दाबली. त्याची बोटं हलली नाहीत. मी पुन्हा, जास्त दाबली.

मग मी तोंडानेच म्हणालो, कसंबसं, "लक्ष्मणभाऊ, माल आधीच निघाला असता. मी भाव करत बसलो."

"माले माहीत शे," तो म्हणाला. "तिनी सांगं व्हतं. म्हणे, दलाल भाऊ भाव करी राहिना, म्हणजे औषध येईच. भाव करस तोच गिऱ्हाईक माल लेस. बाकीना नुसता दखीसन चालना जातस."

त्याने दुसऱ्या हाताने शाईचा पॅड ओढला आणि डॉक्टरांच्या कागदावर अंगठा उठवला. पहिला हात उपरण्याखालीच होता, माझ्या हातात, एकही बोट न हलवता. कापडाखालचा हात भाव ठरला की सोडायचा असतो. आमचा ठरत नव्हता.